बाटली पुसली आणि फोटो बाद झाला

प्रश्न : तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथल्या उभ्या रिंगणात धावणाऱ्या माउलींच्या अश्वाचा फोटो मी एका स्पर्धेला पाठवला. कोपऱ्यात पाण्याची रिकामी बाटली पडली होती, ती मोबाइलवरच्या इरेझरने पुसली. आयोजकांनी मूळ फाइल मागवली आणि फोटो बाद केला. पहिल्या आलेल्या फोटोतलं आभाळ मात्र असं जांभळं-केशरी, की वारीच्या दिवसांत मी तसं कधी पाहिलं नाही. हा कुठला न्याय?
– एक वाचक, फलटण

उत्तर : तुमचा फोटो बाद झाला ते योग्यच झालं. वाईट वाटेल, पण आधी हेच सांगायला हवं.

मी अकरा वर्षं डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, काढली. निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली तारेला पुठ्ठ्याची चकती लावून चेहऱ्यावरचा प्रकाश अडवायचो, म्हणजे चेहरा उजळ यायचा. पुठ्ठ्याला भोक पाडून आभाळावर जास्त प्रकाश सोडला की आभाळ गडद. निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटे, तो बारीक ब्रशने भरायचो. ती धूळ आमच्या डार्करूममधली होती. तुमची बाटली मात्र रिंगणाच्या रस्त्यावर होती, म्हणजे दृश्याचाच भाग होती.

२०१२ मध्ये हॅरी फिश या छायाचित्रकाराचा वाराणसीच्या घाटावरचा फोटो नॅशनल जिओग्राफिकच्या स्पर्धेत निवडला गेला. त्याने कडेची एक प्लास्टिकची पिशवी पुसली होती. तेवढ्यावरून बक्षीस गेलं. पिशवी तशीच ठेवली असती किंवा ती कड कातरली असती, तरी काही बिघडलं नसतं. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेने स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं. त्याने मूळ फोटो भरपूर कातरला होता, कृष्णधवल केला होता. त्यावर आक्षेप नव्हता. फोटोतल्या हाताच्या बोटांच्या मागे दिसणारं कुणाचं तरी पाऊल त्याने पुसलं, तिथे तो अडकला.

आता त्या जांभळ्या आभाळाबद्दल. तिथे तुमचा राग रास्त आहे. दुसरीकडचं आभाळ आणून चिकटवलं असेल, तर तो फोटोही बाद व्हायला हवा. नुसते रंग ताणले असतील, तर मात्र नियमावलीत काय लिहिलंय त्यावर सगळं ठरतं. आपल्याकडच्या बऱ्याच पत्रकांत ‘किरकोळ संपादन चालेल’ एवढंच असतं. किरकोळ म्हणजे किती? परीक्षक म्हणून बसल्यावर याच एका शब्दावरून मी आयोजकांशी कितीतरी वेळा भांडलो आहे. बक्षिसाच्या यादीतल्या प्रत्येकाची मूळ फाइल मागवा, निकाल त्यानंतर लावा, हा माझा आग्रह असतो. तुमची फाइल मागवली, मग पहिल्या आलेल्याची मागवली होती का? हे आयोजकांना लेखी विचारा. विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मोबाइलवर काढत असाल तर प्रो मोडमध्ये रॉ फाइलही (फोनने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) साठवा आणि जे काही करायचं ते प्रतीवर करा. साध्या मोडमध्ये फोन स्वतःच पाठोपाठ टिपलेल्या अनेक फ्रेम जोडून आभाळ सावरतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

तुमचा मूळ फोटो मला पाठवा, बाटलीसकट. त्या रस्त्यावर लाखभर माणसं चालून आलेली असतात, तहान लागणारच. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेला एखादा वारकरी त्यात असेल, तर बाटलीकडे नजर जाणारही नाही.