अकरावीतली मुलगी आणि फोटोची धमकी

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची, अकरावीत आहे. क्लासमध्ये ओळख झालेल्या 19 वर्षांच्या मुलाशी तिचं वर्षभर जमलं होतं. तो तिचा इन्स्टाग्रामचा पासवर्ड घेऊन मेसेज तपासतो, लोकेशन सतत चालू ठेवायला लावतो. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये त्याने तिच्या कानाखाली मारली. ती संबंध तोडायचं म्हणाली, तर 'तुझे तसले फोटो ग्रुपवर टाकीन' अशी धमकी दिली. हे तिने मला सांगितलं, वडिलांना नाही. त्यांना कळलं तर त्या मुलाला बडवतील आणि हिचं कॉलेज बंद करून लग्न लावायला निघतील. तक्रार केली तर बदनामी होईल का?

उत्तर : ताई, मुलगी तुमच्याशी बोलली, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. ती पुढेही बोलत राहायला हवी, कारण उद्या जबाब तिला द्यायचा आहे, तुम्हाला नाही. म्हणून तिचा मोबाईल काढून घेऊ नका. तिला ती शिक्षा वाटेल, आणि सगळा पुरावा त्याच मोबाईलमध्ये आहे.

घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा इथे चालत नाही. ती दोघं एका घरात राहत नव्हती. पण भारतीय न्याय संहितेत मारहाण (कलम 115), धमकी (351) आणि पाठलाग (78) हे गुन्हे आहेत. मुलीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हेही 78 मध्येच येतं. 'त्याला काळजी वाटते म्हणून बघतो' असं मुली सांगतात. कायदा तसं मानत नाही. ती 18 च्या आतली असल्याने पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदाही लागतो. लैंगिक हेतूने मुलीचे फोटो पसरवण्याची नुसती धमकी हादेखील त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. फोटो टाकेपर्यंत थांबायची गरज नाही.

आता अवघड भाग. पोक्सोतला गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे (कलम 19 आणि 21), आणि त्यातून आई-वडील सुटत नाहीत. शिवाय दोघांत शारीरिक संबंध आला असेल तर चौकशीत तो निघेल, आणि 18 खालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही. हे मुलीला आधी समजावून सांगा, ठाण्यात जाऊन कळायला नको. प्रेम मोडायला पालकांनी पोक्सोची काठी उगारणं मला पटत नाही, पण तुमच्याकडे मारहाण आणि धमकी आहे. इथे गप्प बसू नका.

बदनामीचं म्हणाल, तर तिचं नाव, फोटो, कॉलेज छापायला माध्यमांना बंदी आहे. पोक्सोच्या कलम 24 नुसार जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. नातेवाइकांत कुजबुज होणारच नाही, असं मात्र कुठलाही वकील सांगू शकणार नाही.

पुरावा जपताना धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारखेसह घ्या, चॅट पुसू नका, गायब होणारे मेसेज बंद करा. 'तसले' फोटो मात्र कुणालाही फॉरवर्ड करू नका. मामाला नाही, मलाही नाही. अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब खाली गुन्हा आहे, पाठवणारी आई असली तरी. फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही, मोबाईलवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्रामसारखी माध्यमं त्यावरून फोटो अडवतात. पासवर्ड बदला, लोकेशन बंद करा, पण आधी स्क्रीनशॉट.

तो 'शेवटचं एकदा भेट' म्हणेल. मुलीला एकटीला पाठवू नका. मुलगी सोडून जाते आहे हे कळल्यावरच असली मुलं जास्त बिथरतात.

मिस्टरांना सांगावंच लागेल, पण आधी मुलीला विचारून, आणि शक्यतो त्यांचं ऐकतात अशा माणसाला सोबत घेऊन. त्यांनी त्या मुलाला मारलं तर उलटी फिर्याद होईल आणि आपली केस पातळ होईल. लग्नाचा विषय निघाला तर 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगा : दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, आणि आरोपींत आई-वडीलही (बाईला मात्र कैद होत नाही, दंड होऊ शकतो).

जवळच्या ठाण्यात जा. हद्दीचं कारण देऊन परत पाठवू लागले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यावी लागणारी फिर्याद. मारहाणीची भीती असेल तर पोलिसांचा 112, मुलीला समुपदेशन हवं असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा नंबर लावा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.