गारा, पत्रे आणि गच्ची: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचं धायरीत बैठं घर आहे, वर सगळे पत्रे. पुढच्या अर्ध्या भागावर लोखंडी, मागच्या खोलीवर जुने सिमेंटचे. उन्हाळ्यात वळवाच्या पावसात एवढ्या गारा पडल्या की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, पत्र्याला पोचे पण आलेत. शेजारी म्हणतात पुण्यात गारा कधीतरीच, कशाला खर्च करता. सगळे पत्रे बदलू का?

उत्तर: दादा, शेजाऱ्यांचं हे ऐकू नका. मार्च ते मे हा आपल्याकडे गारांचा सीझन असतोच. दुपारी जमीन तापते, समुद्राकडून दमट वारे येतात, त्यात वरच्या थरात थंड हवा आली की ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो आणि थेंब वर गोठत गोठत गार मोठी होत जाते. एकदा पावसाळा नीट सुरू झाला की हे जवळपास बंदच होतं, कारण ढगात हवा तेवढ्या जोरात वर चढत नाही आणि बारीक गार खाली येईपर्यंत विरघळून जाते.

मग लोकांना "कधीतरीच" का वाटतं, तर गारांचा पट्टा अरुंद असतो. धायरीत अंगणात सडा पडलेला असतो तेव्हा औंधात रस्ते कोरडे असू शकतात. शिवाजीनगरच्या वेधशाळेतून (जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात) हवामानाचा जुना डेटा मागता येतो, पण नोंद होते ती शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव अशा ठराविक ठिकाणची, त्यामुळे तुमच्या गल्लीतली गारपीट त्यात असेलच असं नाही. म्हणून स्वतःची नोंद ठेवा, तारीख लिहा आणि गारेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढा. पुढे विम्याला पण कामाला येतं. २०१४ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात मोठी गारपीट झाली, तेव्हा सगळी चर्चा द्राक्षं, डाळिंब, गहू यांचीच झाली आणि ते बरोबरच होतं, पण घरांच्या छपरांकडे कुणी फारसं बघितलं नाही.

आता पोच्यांचं. गारेचा आकार दुप्पट झाला की वजन आठपट होतं, वेगही वाढतो आणि दणका साधारण सोळापट बसतो. म्हणून हरभऱ्याएवढी गार नुसता आवाज करते आणि लिंबाएवढी सिमेंटचा पत्रा फोडू शकते. लोखंडी पत्र्याला पोचा आला म्हणजे तो गळणारच असं नाही, रंगाचा पापुद्रा उडालाय का एवढं बघा, उडाला असेल तर तिथून गंज धरतो, तेवढं घासून प्राइमर मारून रंग द्या. सगळे पत्रे बदलायची काही गरज नाही.

पैसे घालायचेच असतील तर पत्रा धरून ठेवणाऱ्या हुकांवर (इंग्रजी J अक्षरासारखे असतात ते) आणि वायसरवर घाला, हे मी अगदी कळकळीने सांगतो. गारांच्या ढगातून थंड हवा एकदम खाली कोसळते आणि तो वारा गारांपेक्षा जास्त छपरं नेतो. १७ एप्रिल २०२३ला पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात वादळी पावसात आडोसा घेतलेल्या लोकांवर होर्डिंग पडलं, ५ जण गेले. पत्रा उचलला जातो तो कडेने, म्हणून कडेच्या ओळीत हुक जवळजवळ घ्या, उन्हाने कडक झालेले वायसर बदला, आणि पत्र्यावर दगड किंवा टायर ठेवायची पद्धत सोडा, वाऱ्यात तेच खाली कुणाच्या तरी डोक्यात येतात.

सिमेंटच्या पत्र्यावर मात्र थेट पाय देऊ नका. तडा गेलेला पत्रा वरून धड दिसतो आणि माणूस सरळ खाली जातो, वर काम करायचंच तर आडव्या फळ्या टाकून करा. जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून फुटका तुकडा कापायचा किंवा ड्रिल करायचा नाही, ओला करून उचलायचा. ती खोली पुढेमागे बदलायला घ्या, बाकीच्याची घाई नाही.

प्रश्न: सदाशिव पेठेत आमचा जुना वाडा आहे, कौलारू. गारांनंतर कौलं फुटलीत का ते कसं ओळखायचं? दिसायला तर सगळी नीट दिसतात.

उत्तर: ताई, दुपारी माळ्यावर जाऊन अंधारात उभं राहा, उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खडूने खूण करा. बारीक चीर मात्र अशी दिसत नाही. त्यासाठी शाकारणीला माणूस येईल तेव्हा प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघायला सांगा, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर चीर आहे. हे मृगाच्या आधी उरकायला हवं, कारण गारेची चीर एप्रिलमधली असली तरी गळती जूनमध्येच कळते आणि तोवर वासा भिजलेला असतो. जुन्या मापाची कौलं आता सहज मिळत नाहीत, जवळपास एखादा वाडा पाडत असतील तर थोडी मागून ठेवा.

प्रश्न: वाघोलीत टॉप फ्लोअरला फ्लॅट आहे. गारांनी गच्चीवरच्या सोलर हीटरच्या दोन नळ्या फुटल्या, आणि आता बेडरूमच्या छताला ओल येतेय. गारांनी स्लॅबला तडा जातो का? विमा मिळेल का?

उत्तर: आरसीसी स्लॅबला गारांनी तडा जात नाही. बहुतेक वेळा काय होतं, गारा आणि पालापाचोळा मिळून पाणी जायच्या जाळीत अडकतात, गच्चीवर पाणी तुंबतं आणि कोब्याला आधीच बारीक भेगा असतात तिथून ते आत उतरतं. म्हणजे दोष गच्चीचा जुनाच, गारांनी फक्त उघडा पाडला. त्यात काचेच्या नळ्यांच्या हीटरमध्ये एक नळी फुटली तरी टाकीतलं पाणी तिथून गच्चीवर वाहून जातं, आणि ते चांगलंच गरम असतं, लहान मुलांना वर पाठवू नका. आधी जाळी साफ करा, मग कोरड्या दिवशी गच्ची झाडून भेगा बघा. एक-दोन जादा नळ्या घरात ठेवलेल्या बऱ्या. वीज बनवणाऱ्या सोलर पॅनलची गोष्ट वेगळी, आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या टेस्टमध्ये त्यावर २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने मारून बघतात, त्यामुळे छोट्या गारांना ते सहसा दाद देत नाहीत.

विम्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२१पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" ही ठरावीक पॉलिसी आहे, त्यात वादळ, पूर, वीज पडणं हे धरलेलं असतं. नळ्यांसाठी क्लेम करून बघा, मात्र तुमच्या पॉलिसीत इमारतीबरोबर सोलर धरलाय का ते आधी वाचा. वर्षानुवर्षांच्या झिजेने आलेली ओल कंपनी देत नाही, तिथे वाद घालण्यात वेळ जाईल. फुटलेल्या काचा सर्व्हेअर येईपर्यंत पोत्यात भरून ठेवा, तारखेसकट फोटो काढा आणि कंपनीला लगेच कळवा. गच्ची सोसायटीची असेल तर वॉटरप्रूफिंगचा खर्च एकट्याने करू नका, आधी कमिटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.