गाडीतल्या हॅम (हौशी) रेडिओला लिनिअर (सिग्नलचा आकार न बदलता पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बसवायचाय? आधी हे बघ

वॅटचा आकडा बघून अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नकोस. १०० वॅटचे ४०० वॅट केलेस तरी समोरच्याच्या रेडिओवरच्या सिग्नल मीटरवर फरक पडतो जेमतेम एका एस-युनिटचा (त्या मीटरवरची एक पायरी), म्हणजे ६ डीबीचा (डेसिबलचा). ८० मीटर बँडवर (साधारण ८० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर) तर गाडीवरचा आखूड अँटेना बहुतेक पॉवर उष्णतेतच घालवतो. त्यामुळे आधी अँटेनाची चांगली कॉइल, उंच व्हिप (अँटेनाची उभी काठी) आणि बॉडीचं पक्कं बाँडिंग (गाडीचे धातूचे भाग वायरने एकमेकांना जोडणं). एवढं करूनही कमी पडलं तर अ‍ॅम्प्लिफायरचं बघू.

खरी मेख आहे करंटची. ५०० वॅट आउटपुट आणि कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर १३.८ व्होल्टला ७० अँपिअरच्या वर ओढ जाते. बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ मीटर अंतर असेल, तर १६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरमध्येही जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टहून जास्त ड्रॉप होतो. व्होल्टेज पडलं की सिग्नल फाटून आजूबाजूला पसरतो, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचे लोक शिव्या घालतात (बरोबरच आहे त्यांचं). शिवाय इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, अ‍ॅम्प्लिफायरपाशी नव्हे. नाहीतर मधल्या वायरला संरक्षणच नाही.

एसएसबी (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची एक पद्धत) करणार असशील तर लिनिअरच हवा. फक्त एफएमसाठी असलेला क्लास-सी (सिग्नलचा आकार न राखणारा अ‍ॅम्प्लिफायर) चालणार नाही. प्रत्येक बँडचा लो-पास फिल्टर (वरच्या नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) नसलेला स्वस्त डबा फुकट मिळाला तरी मी घेणार नाही. ड्राइव्ह (रेडिओकडून अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची पॉवर) किती लागतो तेही तपास: ५ वॅटवाल्याला १०० वॅट दिलेस की ट्रान्झिस्टर गेलेच समज.