आसा राजाचं काम झालं होतं, तेच तर सांगतोय

जय ख्रिस्त बाळा,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला होता पण मोबाईलवर चार ओळी खरडून पाठवाव्यात असं वाटलं नाही, म्हणून आज चहा घेऊन निवांत बसलोय. तू रेझ्युमेत दीड वर्षाचा खोटा एक्सपिरियन्स टाकलास, लेटर बनवून घेतलंस, जॉब लागला, तीन महिने झाले आणि कोणी विचारलं नाही. वर शेवटी लिहिलंस की काका काम झालं, मला गिल्टी पण वाटत नाहीये, मग विश्वासू राहणं म्हणजे नक्की काय असतं. खरं सांगू, राग नाही आला. हे शेवटचं लिहायला हिंमत लागते, आम्ही बाकीचे असल्या गोष्टी पोटात ठेवून रविवारी पहिल्या बाकावर बसतो.

तुला दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली ती गोष्ट सांगत नाही, ते संडेस्कूलपासून पाठ आहे तुला. आसा वाच. बायबलातलं २ इतिहास, अध्याय १४ ते १६, अर्ध्या तासाचं काम आहे. शलमोनाचा पणतू, यहूदाचा राजा, ४१ वर्षं गादीवर होता. सुरुवात काय जबरदस्त आहे बघ. मूर्ती काढल्या, राजमाता माका (शास्त्रात आई म्हटलंय, बहुतेक आजी असावी) हिने अशेरा देवीची मूर्ती केली होती तर तिलाच पदावरून काढलं आणि ती मूर्ती तोडून किद्रोन ओहोळापाशी जाळली. घरच्या म्हाताऱ्या बाईला असं बोलणं किती अवघड असतं ते तुला माहितीये, आपल्याकडे तर साधा मोबाईल बाजूला ठेव म्हणता येत नाही. मग कूशचा (इजिप्तच्या दक्षिणेकडचा देश) जेरह १० लाख माणसं आणि ३०० रथ घेऊन यहूदातल्या मारेशापर्यंत चालून आला तेव्हा हा देवाला म्हणाला की बलवान आणि दुबळा यांच्यात दुबळ्याला मदत करणारा तुझ्याशिवाय कोणी नाही, आम्ही तुझ्यावर टेकलोय. आणि जिंकला.

तुझं इंटरव्ह्यूच्या आधीचं वर्ष असंच होतं ना, उपास काय, पहाटेची प्रार्थना काय.

आता खरी गोष्ट. आसाच्या कारकिर्दीच्या ३६व्या वर्षी शेजारच्या, उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा बाशा याने रामा हे गाव तटबंदी करून बांधायला घेतलं. रामा आसाच्या राजधानीच्या, यरुशलेमच्या उत्तरेला जेमतेम ८ किलोमीटर, म्हणजे येण्याजाण्याचा रस्ताच बंद. (१ राजे वाचलंस तर बाशा आसाच्या २६व्या वर्षीच मेलेला दिसतो, आकड्यांचा हा घोळ जुना आहे, त्यात अडकू नको.) जेरहच्या मानाने बाशा म्हणजे काहीच नाही. पण यावेळी आसाने प्रार्थना केली असं कुठे लिहिलेलंच नाही. त्याने मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना उघडला, ज्या मंदिरात त्याने स्वतःच एकदा सोनंचांदी आणून वाहिली होती, आणि ते दिमिष्कला अरामाचा राजा बेन-हदाद याच्याकडे पाठवलं. निरोप काय तर बाशाशी तुझा करार आहे तो मोड. म्हणजे नुसती मदत मागितली नाही, दुसऱ्याला शब्द मोडायचे पैसे दिले.

आणि काम झालं रे! बेन-हदादने इस्राएलची उत्तरेची गावं मारली, बाशा रामा अर्धवट टाकून पळाला, आसाच्या लोकांनी तिथले दगड आणि लाकडं उचलून आणली आणि गेबा, मिस्पा बांधून काढलं. एक माणूस गमावला नाही. म्हणून तुझा मेसेज वाचल्यावर मला आसा आठवला. काम फसलं असतं तर त्याला कदाचित अक्कल आली असती.

मग हनानी द्रष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, आला आणि म्हणाला की देवाला सोडून अरामाच्या राजावर टेकलास, मूर्खपणा केलास, अरामाची फौजच तुझ्या हाती यायची होती ती निसटली. आसाने त्याला खोड्यात घातलं. त्याच सुमारास लोकांपैकी काहींवर जुलूमही केला. मला विचारशील तर खजिना उघडला तिथे नाही, इथे तो घसरला.

हे मी एवढ्या खात्रीने का म्हणतोय ते सांगतो, तुला माहीत नाही. मी चर्चचा खजिनदार होतो तेव्हा छपराचे पत्रे बदलायचा फंड माझ्याकडे होता. मुलीच्या ॲडमिशनला ४० हजार कमी पडत होते, ते त्यातून घेतले, ११ दिवसांत परत भरले. कोणाचा रुपया बुडाला नाही. सहा महिन्यांनी परत घेतले तेव्हा हात थरथरला पण नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये एक रिटायर्ड गुरुजी होते, चष्मा पुसत हळूच म्हणाले, पासबुक बघायला मिळेल का. मी टेबलावर हात आपटला. माझ्यावर संशय घेता म्हणून इतका ओरडलो की बाहेर चपलांपाशी उभी असलेली पोरं आत डोकावली. पुढच्या निवडणुकीत गुरुजींचं नाव येणार नाही याची सोय मीच केली. पत्रे बदलले, लोकांनी माझं कौतुक केलं, शाल पण दिली, ती अजून कपाटात आहे.

आसाला ३९व्या वर्षी पायाचं दुखणं झालं, फार वाढलं, आणि तिथेही तो देवाकडे गेला नाही, वैद्यांकडेच गेला. याचा अर्थ डॉक्टरकडे जाऊ नये असा काढणारे आहेत आपल्यात, त्यांचं ऐकू नको, मिशनऱ्यांनीच मिरजेत १८९४ ला हॉस्पिटल काढलं. मुद्दा एवढाच की जेरहच्या वेळी जो बोलत होता तो बोलायचाच बंद झाला होता.

मिस्पाला बाशाच्या भीतीने आसाने एक हौद खणला होता. तो यिर्मयाच्या ४१व्या अध्यायात परत येतो, साधारण ३०० वर्षांनी. दाढ्या काढलेले, कपडे फाडलेले ८० जण अर्पणं घेऊन देवाच्या घराकडे निघाले होते, इश्माएल नावाच्या राजघराण्यातल्या माणसाने त्यातल्या ७० जणांना मारून प्रेतं त्या हौदात टाकली. आसाचा यात काही दोष नाही. पण मी तिथे आलो की थांबतो.

तरी शास्त्र त्याला वाईट राजा म्हणत नाही हं, मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत त्याचं नाव आहे.

तुझ्याबद्दल विचारशील तर ऑफिसात सांगावं लागेल असं मला वाटतं, नोकरी जाऊ शकते, जाणार नाही असं मी म्हणणार नाही. पण तुला हे सांगताना माझंच तोंड आखडतंय, कारण पासबुकाचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तू पहिला. गुरुजी आता अंथरुणाला खिळलेत, ऐकू कमी येतं पण माणसं ओळखतात. या शनिवारी अकरा वाजता त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. तू येशील का? बाईक आण, माझी टाच दुखतेय, एसटीत उभं राहवत नाही. डॉक्टरला दाखवलंय, हसू नको.

तुझा काका