कारखान्यातील खरेदी, उत्पादन, गुणवत्ता आणि विक्री या विभागांत समन्वय कसा आणावा?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, सिंधुदुर्गातील आपल्या फळप्रक्रिया कारखान्यात प्रत्येक हंगामात हे चारही विभाग एकमेकांवर दोष ढकलतात आणि व्यवस्थापनाने एक कार्यशाळा व एक सहल घेऊनही काही फरक पडलेला नाही. मी रत्नागिरी परिसरात अशाच एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम पाहतो, त्यामुळे उत्तर आंब्याच्याच उदाहरणाने देणे मला सोयीचे आहे.

माझ्या मते या भांडणाचे मूळ माणसांच्या स्वभावात क्वचितच असते. प्रत्येक विभागाचे काम एका ठरावीक आकड्यावर जोखले जाते आणि तो आकडा चांगला दिसण्याची किंमत बहुतेक वेळा दुसरा विभाग मोजत असतो. खरेदी विभागाची पाठ थोपटली जाते ती किलोमागे किती कमी दराने माल आणला यावर. मे महिन्यात वाशीच्या बाजारात आवक वाढून भाव उतरले की बागायतदार कॅनिंगसाठी, म्हणजे कारखान्यांना, आंबा देण्याकडे वळतात, आणि त्या गर्दीत दोन-तीन रुपये स्वस्त मिळालेल्या गाडीत कोवळा उतरवलेला किंवा वळवाच्या पावसात पडलेला आंबा असण्याची शक्यता अधिक असते. हा माल आढीत एकसारखा पिकत नाही, त्याचा उतारा (फळाच्या वजनातून मिळणाऱ्या पल्पचे, म्हणजे गराचे, प्रमाण) घटतो, ब्रिक्स (गरातील साखरेचे माप) १६ च्या खाली जातो, गुणवत्ता विभाग तो घाणा (एका वेळी तयार झालेला पल्प) अडवून धरतो आणि तोपर्यंत विक्री विभागाने मुंबईत बसून ग्राहकाला तारीख दिलेली असते. या साखळीत आपापल्या आकड्यापुरता प्रत्येक जण बरोबर असतो, म्हणूनच हे भांडण कधी मिटत नाही.

सहलीने हे का सुटत नाही, याचे उत्तर मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध प्रयोगात मिळते. १९५४ साली मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात शाळकरी मुलांचे शिबिर भरवून त्यांचे दोन गट केले आणि स्पर्धा लावून त्यांच्यात वैर वाढू दिले. नंतर दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवला, तरी वैर कमी झाले नाही. जेवताना तर अन्नाची फेकाफेक झाली. शिबिराचे पाणी बंद पडले, मालमोटार अडकली आणि दोन्ही गटांनी मिळून हात लावल्याशिवाय काम होईना, अशी वेळ आणल्यावर मात्र ते वैर हळूहळू ओसरले. गणपतीपुळ्याला एकत्र जाऊन मोदक खाण्याला माझा विरोध नाही, पण सोमवारी सकाळी दोघांचे आकडे पुन्हा एकमेकांच्या विरुद्धच उभे राहणार असतील तर त्या सहलीचा उपयोग तेवढ्या दिवसापुरताच.

म्हणून पहिले काम म्हणजे खरेदी आणि उत्पादन या दोघांना मिळून एकच आकडा देणे, तो म्हणजे तयार पल्पच्या एका किलोमागे फळाचा पडलेला खर्च. समजा, ४० रुपये किलोच्या आंब्याचा उतारा ५५ टक्के आला, तर पल्पमागे फळाचा खर्च सुमारे ७३ रुपये होतो. ३७ रुपयांच्या आंब्याचा उतारा ४८ टक्केच आला, तर तोच खर्च सुमारे ७७ रुपयांवर जातो. स्वस्त गाडी महाग पडली हे कागदावर दिसू लागले की खरेदीचा माणूस स्वतःहून उताऱ्याची चौकशी करू लागतो, त्यासाठी त्याला कोणी व्याख्यान द्यावे लागत नाही. यात खरी अडचण हिशेबाची नसून जागेची आहे. उतारा गाडीगणिक कळायचा तर माल आढीपासून पल्परपर्यंत (गर काढण्याच्या यंत्रापर्यंत) वेगळा राहायला हवा, आणि ऐन हंगामात शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते तेव्हा क्रेट सर्रास मिसळतात. प्रत्येक गाडीच्या क्रेटना रंगीत चिठ्ठी लावणे आणि निदान मोठ्या बागायतदारांचा माल तरी वेगळा ठेवणे, एवढे जमले तरी सुरुवातीला पुरे आहे.

साक्याचा प्रश्न इथे मुद्दाम सांगितला पाहिजे. साका म्हणजे फळाच्या आतला गर खराब होणे; तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, त्यामुळे त्याचा ठपका खरेदीवर ठेवणेही अन्यायाचे आणि उत्पादनावर ठेवणेही. असे नुकसान कोणत्याही एका विभागाच्या नावावर न घालता कारखान्याच्या सामाईक खात्यात टाकावे. वादाचा मोठा भाग त्या एका निर्णयाने संपतो.

दुसरे काम हस्तांतराच्या जागेचे आहे. माल किंवा माहिती एका विभागाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते तिथे काय, कोणत्या स्थितीत आणि किती वाजेपर्यंत द्यायचे, हे अर्ध्या पानात लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. त्यात सर्वांत महत्त्वाची ओळ अशी असावी की मतभेद झाल्यास त्या क्षणी शेवटचा शब्द कोणाचा. रात्री अकरा वाजता देवगडहून आलेली गाडी दारात उभी आहे, बागायतदार चालकाशेजारी ताटकळत बसला आहे, खरेदी विभाग घ्या म्हणतो आणि पाळीवरचा गुणवत्ता तपासनीस नको म्हणतो, अशा वेळी दोघेही वरिष्ठांना दूरध्वनी लावत बसतात आणि गाडीतला आंबा तापत राहतो. त्याऐवजी दोन्ही विभागांच्या माणसांसमोर ठरलेल्या संख्येने फळे कापावीत, ठरलेल्या प्रमाणाहून अधिक खराब निघाल्यास दर किती कमी करायचा आणि कोणत्या मर्यादेनंतर गाडी परत पाठवायची हे आधीच ठरलेले असावे. बागायतदारालाही हे नियम हंगामाआधी सांगावेत, कारण आपल्या दोन विभागांच्या भांडणात तो विनाकारण भरडला जातो.

विक्री विभागाशी होणारे बहुतेक वाद तारखांचे असतात, आणि त्यावर भिंतीवरचे एक सामाईक वेळापत्रक पुरते. मात्र ते मुंबईच्या कार्यालयाचे नव्हे तर इथल्या गावांचे असले पाहिजे. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असताना फिटर आणि बॉयलरचा माणूस कामावर मिळणार नाही, तेव्हा यंत्रांची दुरुस्ती त्याआधी उरकली पाहिजे. गणपतीत निम्मे कामगार सुट्टीवर असतात, शिवाय त्या काळात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांवर निर्बंध घातले जातात, त्यामुळे त्या आठवड्यात न्हावाशेवा बंदरात कंटेनर पोहोचवण्याचे वचन देणे म्हणजे उत्पादन आणि पाठवणी या दोन्ही विभागांना आधीच दोषी ठरवणे होय. पाठवणी विभागाची सही झाल्याशिवाय ग्राहकाला तारीख कळवायची नाही, असा नियम विक्रीवाल्यांना सुरुवातीला जाचक वाटेल, पण तो लावावा.

बैठकांबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे थॉमस अॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, दोन माणसांच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढते तसा त्यांच्यातील कामाचा संवाद झपाट्याने घटतो आणि सुमारे ५० मीटरनंतर तो जवळपास नगण्य होतो. तेव्हा प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आणि खरेदीचे टेबल फाटकाजवळ असेल, तर निदान हंगामापुरते एक टेबल हलवावे, आणि रोज सकाळी आवकीच्या शेडमध्ये उभ्याने दहा मिनिटे काल काय अडले आणि आज कोणाकडून काय हवे एवढेच बोलावे. व्हॉट्सॲपच्या गटावर हे होत नाही. तिथे पुरावे गोळा केले जातात. भिंतीवरच्या ‘आपण सारे एक’ छापाच्या फलकांवरही खर्च करू नये. गुणवत्तेचे अभ्यासक डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांत विभागांमधील भिंती पाडा हा नववा मुद्दा आहे, आणि लगेच दहावा मुद्दा घोषणाबाजी बंद करा असा आहे.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्यावी. समन्वय वाढवण्याच्या नावाखाली गुणवत्ता विभागाला ‘जरा सांभाळून घ्या’ असे सांगितले जाते, तसे होऊ देऊ नये. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार सदोष मालाची जबाबदारी शेवटी उत्पादकावर येते, त्यामुळे घाणा अडवण्याचा अधिकार उत्पादनप्रमुखाच्या हाताखाली कधीच असू नये. या दोन विभागांत थोडी ओढाताण राहणारच, आणि ती तशीच राहिलेली बरी.

हे सारे मालकांच्या संमतीशिवाय होणार नाही, कारण बक्षिसी कोणत्या आकड्यावर द्यायची हे तेच ठरवतात. ते लगेच तयार नसतील तर आपण आपल्या विभागापुरती सुरुवात करू शकता: रोजच्या पाळीनंतर गाडीगणिक उताऱ्याची चिठ्ठी तयार करावी आणि तिची एक प्रत, कोणतीही तक्रार न जोडता, खरेदी विभागाच्या टेबलावर ठेवावी. महिनाभराच्या चिठ्ठ्या जमल्या की त्याच घेऊन मालकांकडे जावे, आणि शक्य झाल्यास खरेदीप्रमुखांनाही बरोबर न्यावे.