'तो थकून चालत होता' याऐवजी काय लिहावं?

तुमच्या कथेतला म्हातारा दिवसभर भातलावणी करून घरी निघालाय आणि 'तो थकून चालत होता' हे वाक्य तुम्हाला फिकं वाटतंय. बरोबरच आहे. शब्द ढीगभर आहेत, पण आधी ठरवा, बिघडलंय काय? पाय, तोल की मन?

आमचं घर दापोलीकडे, पाखाडीला लागून. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. एका पायरीची उंची दुसरीला नाही, त्यामुळे नवखा माणूस ठेचकाळतोच. पावसात वीज गेली की ओटीवर बसून नुसत्या वहाणांवरून कोण येतंय ते आम्ही ओळखायचो. चपला फरफटत येणारा दमलेला. फताड्या पायांचा असला तर ओल्या चिऱ्यावर फतक फतक.

लंगडणं एका पायाचं. खुरडणं त्याच्याही पलीकडचं, नीट उभंच राहता येत नाही म्हणून सरकत जाणं. हे दोन्ही एकच समजून लिहिलेलं वाचलं की मला खटकतं.

फेंगडं चालण्याचा थकव्याशी संबंध नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेली चड्डी, आत वाळू, सोललेल्या मांड्या! मे महिन्यात समुद्रावरून परतणारी पाहुण्यांची पोरं बघा, एकजात पाय फाकून येतात.

भेलकांडणं डोक्यातून येतं. घाट उतरलेल्या एसटीतून पाय खाली ठेवला की होतं ते. झोकांड्या मात्र जपून वापरा, त्या शब्दाला दारूचा वास आहे. म्हातारा निर्व्यसनी असेल तर उगाच बदनाम होईल.

रेंगाळतो तो मनानं, पाय धडधाकट असतात. रखडणंही चांगलं होतं, पण ते मुंबई-गोवा महामार्गाने पळवलं. 'रखडत चालला' म्हटलं की आमच्याकडे लोकांना चौपदरीकरणच आठवतं.

आणखी जुने शब्द हवे असतील तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती इंटरनेटवर चाळता येते.

तुमच्या म्हाताऱ्याला मात्र मी यातला एकही शब्द देणार नाही. दिवसभर चिखलात ओणवं राहिलेल्याची कंबर लगेच सरळ होत नाही, तो घरीही ओणवाच येतो. त्याला पाखाडी चढायला लावा. हात गुडघ्यावर. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर आणून टेकवायचा, आणि मगच पुढची पायरी.