रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरची रात्र केव्हा होते?

इंदूरमध्ये परिचारिकांचे समुपदेशन करताना एक खंत मी वारंवार ऐकते: "रुग्णांच्या तोंडाची निगा आम्ही राखतो, पण स्वतः दोन वेळा ब्रश करणे जमत नाही. आम्ही इतक्या आळशी कशा?" माझ्या मते येथे दोष आळसाचा नसतो.

रामबागेतल्या एक सिस्टर माझ्याकडे आल्या, तेव्हा हिरड्यांतून रक्त येते म्हणून त्या बाजूला ब्रशच लावत नव्हत्या. दातांवर साचलेल्या थराने हिरड्या सुजतात, सुजेने रक्त येते आणि रक्ताच्या भीतीने ब्रश टाळला की थर वाढतच जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडाची सफाई त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्यांच्या बाबतीत ज्ञानच लाजेचे कारण झाले होते आणि त्या लाजेपायी दंतवैद्याकडे जाणे टळत होते.

उपदेश न करता मी त्यांना रात्रपाळीचा दिवस क्रमाने सांगायला लावला. ड्युटीवर अधूनमधून साखरेचा चहा आणि बिस्किटे, सकाळी चार्ज देऊन परतताना पोहे-जिलबी, घरी गणवेश भिजत घालणे, मोबाइलवर गजर लावणे आणि झोप.

"यात ब्रश केव्हा?"

"दुपारी उठल्यावर. रात्री ड्युटीवर असते ना ताई, म्हणून रात्रीचा राहतोच."

"पण तुमची रात्र केव्हा होते?"

त्या थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "सकाळी दहाला. आणि मी जिलबी खाऊन तशीच झोपते!"

त्या एका उत्तराने स्वतःवरचा आळसाचा आरोप गळून पडला. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर राहिलेल्या साखरेपासून जंतू जे आम्ल तयार करतात ते नीट धुतले जात नाही. म्हणून झोपण्यापूर्वीचा ब्रश महत्त्वाचा, मग घड्याळात काहीही वाजलेले असो. माणूस निर्धारापेक्षा क्रमाने बदलतो, असे माझे ठाम मत आहे. त्यांचा गजर कधीच चुकत नसे, म्हणून आम्ही ब्रश गजराच्या आधी बसवला: मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटे आणि त्यानंतर फक्त पाणी.

दंतवैद्यापुढचे पहिले वाक्य त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिले: "मी नर्स आहे, सगळे माहीत असूनही दुर्लक्ष झाले, आता पुढचे सांगा." दात साफ करून घेतल्याने ते हलू लागतात, ही भीती त्यांनाही होती. वास्तविक कडक झालेला थर ब्रशने निघत नाही. तो काढल्यावर त्याने झाकलेल्या फटी दिसू लागतात, एवढेच.

त्यांचे रक्त येणे थांबले. एका दाढेखालचे झिजलेले हाड मात्र भरून येणार नाही, तिची तपासणी करत राहावी लागेल. म्हणूनच दोनेक आठवडे नीट ब्रश करूनही रक्त येत असेल, तर पाळी बदलण्याची वाट न पाहता दात दाखवून घ्यावेत. शासकीय दंत महाविद्यालय आपल्या इंदुरातच आहे.